पैलवानाचं बाळंतपण

आमच्या खानदानात एकच पैलवान होऊन गेला आणि तो बाळंत झाला. हे वाक्य मी आजवर लग्नाच्या पंगतीत सांगितलंय, रेल्वेच्या डब्यात सांगितलंय, एकदा तर दाताच्या डॉक्टरसमोर आ वासून सांगायचा प्रयत्न केलाय. दर वेळी माणसं इथंच हसतात आणि पुढचं ऐकायचं राहून जातं. आता माझे गुडघे धरलेत आणि ऐकणारी माणसं आपापल्या मोबाइलात शिरलीत, तेव्हा म्हटलं कागदालाच सांगावं. कागद मधेच उठून जात नाही.

पैलवान म्हणजे आमचा ससा. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, मानेला जाडजूड. परभणीच्या बाजारातून मी त्याला पिशवीत घालून पिंगळीला आणला, तेव्हा मी अकरावी सायन्सला होतो. विकणाऱ्याला ठासून विचारलं होतं, "नरच हाय ना?" त्यानं ससा उलटा धरून माझ्यापुढं केला आणि म्हणाला, "तुमीच बघा की." मी बघितलं. मला केसांशिवाय काही दिसलं नाही. पण जीवशास्त्र घेतलेल्या माणसानं असं बोलायचं नसतं, म्हणून मी डॉक्टरसारखी मान हलवली आणि म्हणालो, "हं, नर." त्या मानेच्या हलण्यावर पुढचं सगळं रामायण उभं राहिलं. जीवशास्त्राचं पुस्तक मी तोवर बेडकापर्यंतच वाचलेलं होतं.

दादा, म्हणजे माझे वडील, स्टेशनवर पॉइंट्समन. आमचं बिऱ्हाड स्टेशनालगतच्या रेल्वेच्या क्वार्टरात: दोन खोल्या, पुढं कमरेएवढ्या भिंतीचं अंगण, अंगणात एक लिंबाचं झाड, नळ आणि धुण्याचा दगड. घड्याळाची गरज नव्हती. स्टेशनवर रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, गाडी सुटली की त्याच्यावर ठोके पडायचे, आणि माय तेवढ्यावर डाळीचं आधण ठेवायची. मालगाडी आली की भांडी थरथरायची, आणि फळीवरचे पितळी डबे हळूहळू पुढं सरकायचे. आठवड्यातून एकदा माय ते मागं ढकलायची. पैलवान आल्यापासून त्यात एका आवाजाची भर पडली. गाडी लांब असतानाच तो मागच्या पायानं जमिनीवर धप्प धप्प आपटायचा. दादा एरवी बोलायचे कमी. दिवसभर हिरवा-तांबडा दाखवून झाल्यावर तोंडानं वेगळं काय सांगायचं, असा त्यांचा हिशेब असावा. पण पैलवानाचा पाय ऐकून तेसुद्धा एकदा म्हणाले, "रेल्वेत लावून टाकू याला."

त्या हिवाळ्यात अक्का माहेरी आली होती. अक्का माझी थोरली बहीण. पूर्णेला दिलेली, दाजी तिथंच रेल्वेत. आदल्या वर्षीही ती बाळंतपणाला आली होती. तेव्हा मायनं काय काय केलं होतं! आमच्याकडं बाळाला नवं कापड लावत नाहीत, टोचतं म्हणून; जुनं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं कापड लागतं. दादांची सगळी जुनी धोतरं, मायची विरलेली लुगडी, शेजारणींनी दिलेले पदर, असं सगळं फाडून, शिवून, घड्या घालून दुपट्यांची आणि लंगोटांची रासच्या रास तयार होती. अक्का परभणीच्या दवाखान्यात गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. त्यातल्या एकाही कापडाची घडी मोडली नाही. मग एका दुपारी बोहारीण दारात आली, तेव्हा अक्कानं ती सगळी रास उचलून तिच्या टोपलीत ओतली. बदल्यात आलेलं स्टीलचं पातेलं मायनं कधी चुलीवर चढवलं नाही.

यंदा आली ती आल्या आल्या उंबऱ्यावरच म्हणाली, "माय, एक सांगते. काई करायचं न्हाई. डोहाळजेवण न्हाई, ओटी न्हाई, चिंध्या जमवायच्या न्हाईत. कोणी नावबी काढायचं न्हाई." माय म्हणाली, "बरं." तेव्हापासून आमच्या घरात पोटातल्या लेकराचा शब्द निघत नव्हता. अक्का ज्वारीची अर्धी भाकरी अंबाडीच्या भाजीत बुडवून, आपण कोणाचं तरी देणं लागतो अशी खायची आणि अंगणातल्या बाजेवर जाऊन बसायची. माय भाकरी थापता थापता दारातून तिच्याकडं बघायची. सातवा लागला, सरला, तरी घरात बाळाच्या नावानं एक दोरासुद्धा नव्हता. मायला रात्री झोप लागत नसे, आणि ती जागरणाचं खापर मालगाड्यांवर फोडायची.

मला यातलं किती कळत होतं? फारसं नाही. मला कुस्तीचं कळत होतं, म्हणजे तसं वाटत होतं. यात्रांचा हंगाम होता, आणि मी नि रज्जाक फड बघून वेडे झालो होतो. रज्जाक माझा वर्गमित्र, रुळापलीकडच्या शिंप्याचा मुलगा. त्याच्याकडंही ससा होता, करड्या रंगाचा, एक कान फाटलेला, नाव रुस्तम. आता दोन पैलवान एका गावात म्हटल्यावर निकाल लावायला नको? मालधक्क्याच्या मागं आम्ही माती चाळून मऊ केली, रज्जाकनं डालड्याच्या डब्यावर हलगी धरली, आणि कुस्ती सोडली.

रुस्तमनं एक चक्कर मारली, आमच्या पैलवानाच्या मागून जाऊन त्याच्या पाठीवर चढला. मी ओरडलो, "धोबीपछाड मार, धोबीपछाड!" पैलवान शांत. आणि काय झालं कळायच्या आत रुस्तम एक किंकाळी फोडून बाजूला आडवा पडला. पाठ मातीला लागलेली! मी पैलवानाला उचलून नाचायला लागलो. रज्जाक हट्टाला पेटला. "ये नई चलेगा. वर तर आमचा होता, तो हारला कसा? फिरसे." पुन्हा सोडली. पुन्हा तेच, रुस्तम वर, रुस्तम आडवा. "आता बोल," मी म्हणालो. रज्जाक खजील होऊन रुस्तमच्या अंगावरची माती झटकत म्हणाला, "महिन्याभरानं बदला घेतो." मी पैलवानाला खांद्यावर बसवून रुळांच्या कडेकडेनं विजयी मिरवणुकीसारखा घरी आलो. आजही पिंगळीवरून गाडी जाते, तेव्हा खिडकीतून तो मालधक्का दिसला की मी उगाच चष्मा पुसतो. लाज अजून पुरती गेलेली नाही.

बदल्याची कुस्ती ठरल्यावर मी पैलवानाला तालमीला लावलं. पहाटे अंगणात दहा-बारा फेऱ्या पळवायचं. मग अंगाला तिळाचं तेल. मग खुराक: भिजवलेले हरभरे, गूळ-शेंगदाण्याचा तुकडा, लसूणघास. खुराक असा लागू पडला की विचारू नका. पंधरा-वीस दिवसांत पोट दोन्ही बाजूंनी सुटलं. माय म्हणाली, "याला पळवू नको बाबा, धापा टाकायलाय." मी म्हणालो, "माय, दम वाढायलाय त्याचा." नंतर त्याचा स्वभाव बिघडला. हात लावला की गुरगुरायचा. मी म्हटलं, वा, जिगर आली. एक दिवस तोंडात कडब्याच्या काड्या आडव्या धरून, रात्री त्याला झाकायच्या बांबूच्या डाल्याखाली न्यायला लागला आणि दुसऱ्या दिवशी छातीचे केस दातानं उपटायला लागला. मूठमूठ केस. मी घाबरलो. खरूज! कुस्ती तोंडावर आणि पैलवानाला खरूज! मी करंजीच्या तेलाची बाटली घेऊन आलो आणि त्याला गुडघ्यात दाबून छातीवर तेल चोळणार, एवढ्यात बाजेवरून अक्का उठली.

ती हळूहळू आली, एक हात कमरेवर ठेवून माझ्याजवळ बसली. पैलवानाच्या पोटावरून तिनं बोटं फिरवली. मग तिची बोटं एका जागी थांबली. आतून कोणीतरी हललं असावं. तिनं हात चटकन मागं घेतला, पुन्हा ठेवला.

"सुभ्या," ती म्हणाली, "तुझा पैलवान बाळंत व्हायलाय की रं."

"काईबी! कुस्ती मारून आलाय तो."

"कोणासंगं?"

मी सांगितलं. वर कोण होतं, आडवा कोण पडला, हलगी कोणी वाजवली, सगळं अगदी तपशीलवार. अक्काचा चेहरा आधी गंभीर होता, मग ओठ थरथरले, आणि मग ती तोंडाला पदर लावून अशी हसली की माय पिठाच्या हातानं बाहेर पळत आली. "काय झालं? दुखायलंय का?" अक्काला बोलता येईना. डोळ्यांतून पाणी. शेवटी कसंबसं म्हणाली, "माय, हा पोरगा... हा पोरगा डाक्टर व्हणार हाय म्हणं!" वर्षभरानं त्या घरात ती हसत होती. माझी अब्रू गेली त्याचं मला त्या क्षणी काही वाटलं नाही, असं लिहिणं शोभून दिसलं असतं. पण मला फार वाटलं. मी तेलाची बाटली घेऊन लिंबाच्या झाडामागं जाऊन बसलो.

पण त्या दुपारपासून घरात जे सुरू झालं ते मी विसरणार नाही. मायचे हात अक्का आल्यापासून बांधलेले होते, ते सुटले. तिनं सशाचं रीतसर बाळंतपण मांडलं. स्टेशनवरच्या चहावाल्याकडून लाकडी खोकं आणवून पुढच्या खोलीत ठेवलं. मला पिटाळून शेजारच्या रानातून कापूस आणवला, सरकी काढून पिंजला. गादीच केली. शेपूची भाजी आणली, बाळंतिणीला बरी म्हणून. डिंकाचा लाडू करून त्याचा चुरा खोक्यापुढं ठेवला. मी म्हणालो, "माय, ससे डिंक खात न्हाईत." माय म्हणाली, "तू बोलू नको. तू तर त्याला लंगोट बांधणार होतास." अक्का खोक्याजवळ बसून कडबा बारीक कुस्करत होती. पैलवानानं माझा सगळा कापूस तोंडानं ओढून बाहेर फेकला, अक्काचा कडबा तेवढा ठेवला आणि वर आपल्या छातीचे केस अंथरले. "घ्या," माय म्हणाली, "सासुरवाशिणीचं पसंत, माहेरचं नापसंत." अक्का गालात हसली. मायनं माझ्याकडं बघितलं, आणि डोळ्यांनीच सांगितलं, काही बोलू नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोक्यात केसांचा ढीग हलत होता. आत बोटाएवढी, बिनकेसांची, गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं. माय इतकी हरखली की शेगडी पेटवून निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून तिनं धुरी धरली. आमच्याकडं बाळंतिणीला धुरी दिल्याशिवाय बाळंतपण पुरं होत नाही. पण आमची बाळंतीण धुराचा पहिला लोट नाकात जाताच खोक्यातून उडी मारून जी पळाली, ती थेट खोलीतल्या बाजेखाली, आणि धप्प धप्प पाय आपटायला लागली. जणू एकाच वेळी चार मालगाड्या येत होत्या. मायनं शेगडी उचलून अंगणात नेली, पण पैलवान काही खोक्याकडं फिरकेना. सकाळ गेली. दुपार गेली. पिल्लं खोक्यात केसांखाली वळवळत होती आणि आई बाजेखाली निवांत घास खात होती.

"पाजत कामून न्हाई ती?" अक्कानं विचारलं.

 माय शेगडीकडं बघत होती. संध्याकाळी अक्काच्या पुढ्यात ताट ठेवलं, ते तसंच राहिलं. अर्धी भाकरीसुद्धा नाही. घरातल्या प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती मनातसुद्धा पुरी बोलायची हिंमत होत नव्हती: ही पिल्लं अक्काच्या डोळ्यांदेखत मरता कामा नयेत.

मी रज्जाककडं पळालो. त्याच्या अम्मीनं शेळीचं दूध दिलं, आणि रज्जाक स्वतः लोटी घेऊन माझ्याबरोबर आला. वाटेत म्हणाला, "मतलब, कुस्ती आमच्या रुस्तमनंच मारली की." मी म्हणालो, "गप चाल." घरी येऊन कापसाचा बोळा दुधात भिजवून मी एका पिल्लाच्या तोंडाला लावला. पिल्लाच्या नाकातून दुधाचा बुडबुडा आला, ते शिंकलं, आणि मी असा दचकलो की निम्मं दूध रज्जाकच्या पायजम्यावर. "अरे, उसके मुँह में डाल, मेरे नई," तो कुजबुजला. अक्कानं माझ्या हातातून पिल्लू काढून घेतलं आणि केसांत परत ठेवलं. "राहू द्या," ती म्हणाली. तिचा आवाज गेल्या वर्षीसारखा झाला होता.

दिवेलागणीला दादा ड्युटीवरून आले, वाकून खोक्यात हात घातला आणि एकेक पिल्लू चाचपून बघितलं. मग उठले, निळ्या कोटाच्या खिशात हात घालून बाहेर निघाले. मला कळलं. मी पुढं होऊन उगाच मोठ्यानं म्हणालो, "दादा, सिग्नलचा दिवा बघायला चाललात का? मीबी येतो." आमचे दादा सिग्नलच्या दिव्याबद्दलसुद्धा खोटं बोलू शकत नसत.

"दादा, खिशात काय हाय?" अक्का म्हणाली.

दादा उभेच. मग त्यांनी खिशातून मूठ काढली आणि उघडली. अक्कानं ते पिल्लू दोन्ही हातांत घेतलं. रडली नाही. लिंबाखाली खुरप्यानं स्वतः माती काढली, ते ठेवलं, माती लोटली. तिला खाली वाकता येत नव्हतं म्हणून दादांनी मागून तिचे खांदे धरले होते. गेल्या वर्षी दवाखान्यात तिला काही दाखवलं नव्हतं, हे मला फार पुढं कळलं. सगळं मोठ्या माणसांनीच उरकून टाकलं होतं, तिच्या भल्यासाठी.

पहाटे कोणीतरी माझा अंगठा ओढला. अक्का. "ऊठ. आवाज करू नको." पूर्णेकडून येणाऱ्या पॅसेंजरचे ठोके नुकतेच पडून गेले होते, दारातून राखाडी उजेड येत होता. अक्कानं भिंतीला टेकून बसायला लावलं. बाजेखालून पैलवान आली, कान इकडंतिकडं फिरवले, आणि एका उडीत खोक्यात. पिल्लांवर उभी राहिली. खालून चुळचुळ झाली, मग बारीक चुकचुक. एक भाकरी भाजून व्हावी एवढाच वेळ. मग जशी आली तशीच उडी मारून बाहेर, पुन्हा बाजेखाली, आणि जणू आपला त्या खोक्याशी काही संबंध नाही असं तोंड पुसत बसली. आम्ही वाकून बघितलं. पिल्लांची पोटं लिंबासारखी टम्म.

"कोणाला दाखवून पाजत न्हाई ती," अक्का म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "एक कमी झालंय हे तिला ठाऊक असंल का रं?"

मी बेडकापर्यंतच वाचलेला माणूस. गप्प बसलो. आयुष्यात योग्य वेळी गप्प बसल्याचं एवढंच एक उदाहरण माझ्याजवळ आहे.

"असंल," तिनंच उत्तर दिलं. "तरी पाजायलीय."

त्या दिवशी सकाळी तिनं दीड भाकरी खाल्ली. पुढं रोज पहाटे ती उठायची आणि खोक्याजवळ बसायची. आता हे सगळं मोबाइलवर दोन मिनिटांत कळतं. ससे दिवसातून एखाद-दोनदाच पाजतात, इतर वेळी लांब राहतात, म्हणे. माझ्या नातवानं मला वाचून दाखवलं आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही उगाच घाबरलात." बरोबर आहे. पण तेव्हा मोबाइल असता तर ती पहाट आम्हाला मिळाली नसती, हे त्याला कसं सांगू.

पिल्लांना केस आले, डोळे उघडले. एक दिवस सगळ्यात धीट पिल्लू अंगणात उन्हाला ठेवलेल्या खोक्याबाहेर पडून अक्काच्या पायाच्या अंगठ्याला हुंगायला लागलं. दादा ड्युटी संपवून बशीतून चहा पीत होते. माय आत भाकरी थापत होती. अक्का अंगठ्याकडं बघत म्हणाली, "दादा, तुमचं एखादं जुनं धोतर हाय का? मऊ?"

आतलं थापणं थांबलं. दादांची बशी ओठाशीच राहिली. आणि मी, अर्थातच, तोंड उघडलं. "अक्का, आता कशाला? केस आलेत की त्यायला. सशाला किती कपडे लागतेत?"

"सशाला न्हाई रं, येड्या," अक्का म्हणाली.

दादा बशी खाली ठेवून उठले, आत गेले. जुनी धोतरं होती कुठं? ती सगळी गेल्या वर्षीच गेली होती. बाहेर आले ते दिवाळीला घेतलेलं कोरं धोतर घेऊन. माय दारात येऊन म्हणाली, "अवं, नवं हाय ते! लेकराला टोचंल." आणि आपण काय शब्द बोललो हे लक्षात येऊन तिनं पिठाचा हात तोंडावर ठेवला.  अक्कानं सरकून मायला बाजेवर जागा करून दिली.

"मऊ करतो," दादा म्हणाले.

"मऊ व्हायला वरीस लागतं धोतराला."

"वरीस कुठं हाय आपल्याजवळ," म्हणून दादांनी नळ सोडला. (माझी ती भाची आता दोन लेकरांची आई आहे. तिला हे सांगितलं की म्हणते, "मामा, तुझं निम्मं खोटं असतं." निम्मं नाही, पाव.) कोट काढून, बाह्या सारून दादा दगडापुढं उकिडवे बसले आणि ते कोरं धोतर भिजवून आपटायला लागले. पिळायचे, झटकायचे, पुन्हा आपटायचे. मालगाडी येऊन गेली, त्यांनी मान वर केली नाही. मधेच थांबून त्या ओल्या धोतराचं टोक आपल्या दाढी वाढलेल्या गालावर फिरवून बघायचे, नाही म्हणून मान हलवायचे, आणि पुन्हा आपटायला घ्यायचे.